सत्ताविसावी फेरी : फिलिप आयलंड २०२३ मधील मागच्या टायरच्या निवडीचा प्रकरण अभ्यास

२१ ऑक्टोबर २०२३ रोजी ऑस्ट्रेलियातील फिलिप आयलंड सर्किटवर झालेल्या मोटोजीपी, म्हणजे मोटरसायकल शर्यतींच्या सर्वोच्च वर्गातल्या, शर्यतीत होर्हे मार्टिन हा स्पॅनिश रायडर सव्वीस फेऱ्या आघाडीवर होता आणि सत्ताविसाव्या, म्हणजे शेवटच्या फेरीत तो पहिल्या स्थानावरून पाचव्या स्थानावर गेला. तो पडला नव्हता, गाडीत बिघाड झाला नव्हता आणि कुणाचा धक्काही लागला नव्हता. त्याच्या मागच्या टायरमधली पकड शर्यत संपण्याआधी संपली होती. त्याने शर्यतीसाठी मागे सॉफ्ट, म्हणजे मऊ रबराचा टायर निवडला होता. त्याच्याच प्रामॅक डुकाटी संघातल्या योहान झार्को या फ्रेंच रायडरने त्याहून कठीण असा मीडियम टायर निवडला, आणि मोटोजीपी वर्गातला आपला पहिला विजय त्याने त्या दिवशी मिळवला.

अभ्यासासाठी हे प्रकरण फार मोलाचे आहे, कारण टायरच्या निवडीचा परिणाम इतका सुटा करून पाहण्याची संधी क्वचितच मिळते. एरवी दोन रायडरांच्या निकालातला फरक गाडीमुळे पडला, संघामुळे पडला की टायरमुळे, हे सांगता येत नाही. इथे संघ एकच, गाडी एकाच प्रकारची, टायरचा पुरवठादार एकच, दिवस आणि डांबर एकच. मोठा फरक दोनच गोष्टींत होता, मागच्या टायरच्या रबरात आणि ते रबर वापरण्याच्या पद्धतीत. या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या गेल्या, आणि माझ्या मते या प्रकरणाचे मूळ तिथेच आहे.

पार्श्वभूमी

२०२३ च्या हंगामाचा उत्तरार्ध हा मार्टिन आणि तेव्हाचा विश्वविजेता फ्रान्चेस्को बान्याया यांच्यातला सरळ सामना होता. सप्टेंबरमध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली मोटोजीपी शर्यत झाली, तेव्हा मार्टिनने शनिवारची स्प्रिंट, म्हणजे कमी अंतराची शर्यत, जिंकली आणि रविवारच्या मुख्य शर्यतीत दुसरा क्रमांक मिळवला. बान्याया त्या रविवारी पडला. पुढे जपानमध्ये मार्टिनने गुणांचे अंतर आणखी कमी केले आणि इंडोनेशियातल्या मांडलिका येथे शनिवारची स्प्रिंट जिंकून तो गुणतालिकेत सात गुणांनी पुढेही गेला. दुसऱ्याच दिवशी आघाडीवर असताना तो पडला, तेराव्या जागेवरून सुरुवात केलेल्या बान्यायाने ती शर्यत जिंकली, आणि मार्टिन पुन्हा १८ गुणांनी मागे पडला. फिलिप आयलंडला तो आला तो अशा मनःस्थितीत, एका आठवड्यापूर्वी हातातली शर्यत घालवून.

वेग मात्र त्याच्याकडे भरपूर होता. पात्रता फेरीत त्याने १ मिनिट २७.२४६ सेकंदांची वेळ नोंदवून विक्रमासह पहिली जागा मिळवली. ४.४४८ किलोमीटरच्या त्या सर्किटवर याचा अर्थ सरासरी वेग ताशी सुमारे १८३ किलोमीटर होतो, आणि त्यात बारा वळणे आली.

याच सुमारास हवामानाने वेळापत्रक बदलायला लावले. रविवारी जोराचा वारा आणि पाऊस येण्याचा अंदाज असल्यामुळे आयोजकांनी मुख्य शर्यत शनिवारी घ्यायची आणि स्प्रिंट रविवारी, असे ठरवले. रविवारची स्प्रिंट अखेर हवामानामुळे रद्दच झाली. वरवर पाहता हा फक्त अदलाबदलीचा मामला वाटतो. टायरच्या दृष्टीने तो तसा नव्हता. २०२३ पासूनच्या रचनेत शनिवारची स्प्रिंट मुख्य शर्यतीच्या साधारण निम्म्या अंतराची असते आणि तिच्यात बहुतेक जण मागे सॉफ्ट टायरच वापरतात. त्यामुळे रविवारी टायर निवडताना प्रत्येक संघाजवळ सॉफ्ट टायरवर खऱ्या शर्यतीच्या वेगाने, खऱ्या गर्दीत काढलेल्या तेरा-चौदा फेऱ्यांची नोंद असते. तो टायर काढून त्याच्या डाव्या-उजव्या कडा पाहता येतात, आणि झीज निम्म्या अंतरात एवढी असेल तर पूर्ण अंतरात किती होईल याचा अंदाज बांधता येतो. फिलिप आयलंडला ही नोंद कुणाकडेच नव्हती. शुक्रवारची सत्रे आणि शनिवारी सकाळचे छोटे सत्र एवढ्यावर सत्तावीस फेऱ्यांचा निर्णय घ्यायचा होता, आणि शुक्रवारच्या दुपारचा बराच वेळ तर पहिल्या दहांत येण्यासाठी एकेक वेगवान फेरी काढण्यातच जातो. सलग लांब फेऱ्या काढून टायर शेवटपर्यंत कसा वागतो हे पाहायला सवड फार थोडी असते.

हे सर्किट मागच्या टायरकडून काय मागते

फिलिप आयलंड हे व्हिक्टोरिया राज्याच्या दक्षिण किनाऱ्यावरचे बेट आहे आणि सर्किट थेट बास सामुद्रधुनीच्या काठावर आहे. समुद्रावरून येणारा थंड वारा हा तिथल्या शर्यतीचा कायमचा भाग आहे. सर्किट घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने चालते. बारा वळणांपैकी सात डावीकडची आणि पाच उजवीकडची आहेत, पण नुसत्या संख्येवरून खरा असमतोल लक्षात येत नाही. डावीकडची महत्त्वाची वळणे लांब आणि वेगवान आहेत. दुसरे वळण, केसी स्टोनरच्या नावाचे तिसरे वळण आणि मुख्य सरळ रस्त्यावर आणून सोडणारे शेवटचे बारावे वळण, या सगळ्या ठिकाणी गाडी दीर्घकाळ डाव्या बाजूला झुकलेली असते आणि रायडर त्याच स्थितीत थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) उघडत असतो. परिणामी मागच्या टायरची डावी कड सतत तापते आणि घासली जाते, तर उजव्या कडेला गरम राहण्याइतकेही काम मिळत नाही.

म्हणून मिशलँ कंपनी या सर्किटसाठी मागचे टायर असमान रबराचे देते. डाव्या बाजूचे रबर उजव्यापेक्षा कठीण असते. सॉफ्ट आणि मीडियम या नावांचा अर्थ इथे सापेक्ष आहे. सॉफ्ट म्हणजे सगळीकडे सारखाच मऊ टायर नव्हे. तो लवकर तापतो, कमी तापमानातही डांबराच्या खडबडीत पृष्ठभागाला चिकटून राहतो आणि सुरुवातीला जास्त पकड देतो. मीडियमला तापायला थोडा वेळ लागतो, त्याची सर्वोच्च पकड किंचित कमी असते, पण तो तापमान जास्त सोसतो. थंड वाऱ्याच्या दिवशी उजवी कड गार पडून गाडी निसटण्याचा धोका इथे खरा असतो, त्यामुळे सॉफ्टकडे ओढा वाटण्यात काहीच गैर नव्हते.

ज्या सर्किटवर मंद वळणांतून बाहेर पडून लांब सरळ रस्त्यावर गाडी सोडायची असते, तिथे मागचा टायर तापतो तो मुख्यतः गाडी उभी होत असताना, म्हणजे टायरच्या मधल्या पट्ट्याकडे सरकताना. फिलिप आयलंडला तो तापतो ते गाडी पूर्ण झुकलेली असताना, अरुंद कडेवर. हा फरक पुढच्या सगळ्या विवेचनाचा पाया आहे.

पकडीचा हिशेब

मागच्या चाकाला एकाच वेळी दोन कामे करावी लागतात. गाडीला वळणात धरून ठेवणारे आडवे बल द्यायचे आणि गाडी पुढे ढकलणारे उभे बलही द्यायचे. दोन्ही बले एकाच पकडीतून निघतात, आणि त्यांची बेरीज साधी नसून काटकोनातल्या दोन बाजूंसारखी, वर्गांची असते. एका बाजूने जास्त घेतले की दुसऱ्या बाजूला कमी उरते. पण किती कमी, याचा हिशेब पुष्कळांना चकवतो.

समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. यातील आकडे प्रत्यक्ष मोजमापाचे नसून फक्त प्रमाण कळावे म्हणून घेतले आहेत. मोटोजीपीची गाडी वळणात ६० अंश किंवा त्याहूनही जास्त झुकते. टायरची रुंदी आणि रायडरचे शरीर बाहेर काढणे सोडून दिले, तर ६० अंश झुकाव म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या १.७३ पट आडवे त्वरण. टायरची एकूण पकड १.८ पट मानली, तर पुढे ढकलण्यासाठी उरते १.८ च्या वर्गातून १.७३ चा वर्ग वजा करून काढलेले वर्गमूळ, म्हणजे सुमारे ०.५. आता टायर थोडा थकला आणि एकूण पकड १.८ वरून १.७५ झाली असे समजू. ही घट तीन टक्क्यांहूनही कमी आहे. तेच गणित पुन्हा मांडले तर पुढे ढकलण्यासाठी उरते ते सुमारे ०.२६. एकूण पकड जेमतेम तीन टक्क्यांनी घटली, पण झुकलेल्या अवस्थेत मिळणारी पुढची ढकल जवळजवळ निम्मी झाली.

थकलेला मागचा टायर हळूहळू न वागता एकदम दगा दिल्यासारखा का वाटतो, याचे उत्तर या गणितात आहे. वीस फेऱ्यांपर्यंत घट होत असते, पण रायडर थोडा झुकाव कमी करून, थोडा उशिरा थ्रॉटल उघडून ती झाकत असतो. मग एका टप्प्यावर झाकायला जागाच उरत नाही.

त्यात आणखी एक चक्र सुरू होते. पुढे ढकलण्याची पकड कमी झाली की चाक जास्त फिरते, म्हणजे जमिनीवरच्या वेगापेक्षा टायरच्या पृष्ठभागाचा वेग अधिक होतो. थोडी घसरण उपयोगाचीच असते, कारण रबर थोडे घसरल्याशिवाय पूर्ण बल देत नाही. पण मर्यादेपलीकडची घसरण नुसती उष्णता निर्माण करते. उष्णतेने रबर आणखी मऊ पडते, आणखी घसरते आणि आणखी तापते. सॉफ्ट रबरात हे चक्र कमी तापमानाला सुरू होते. एकदा डावी कड या चक्रात सापडली की ती सावरण्यासाठी लागणारी विश्रांती फिलिप आयलंडची आखणी देत नाही. उजवीकडची थोडी वळणे येतात, पाठोपाठ पुन्हा लांब डावे वळण येतेच.

ट्रॅक्शन कंट्रोल असताना असे का व्हावे, हा प्रश्न स्वाभाविक आहे. मोटोजीपीत २०१६ पासून सर्व गाड्यांना एकाच कंपनीचे नियंत्रक आणि एकच सॉफ्टवेअर आहे. शिवाय २०२३ मध्ये डुकाटीसारख्या गाड्यांवर वळणातून बाहेर पडताना मागची बाजू खाली दबवणारी यंत्रणाही होती, जिच्यामुळे पुढचे चाक उचलले जाण्याची मर्यादा पुढे ढकलली जाते. मात्र ट्रॅक्शन कंट्रोल पकड निर्माण करत नाही. चाक जास्त फिरू लागले की इंजिनाचे बल कापणे एवढेच ते करते. १,००० सीसीच्या, २७० हून अधिक अश्वशक्तीच्या आणि किमान १५७ किलो वजनाच्या गाडीत बल कधीच कमी पडत नाही. ते रस्त्यावर उतरवणारे रबर कमी पडते. ताज्या टायरवर नियंत्रक क्वचित हस्तक्षेप करतो, थकलेल्या टायरवर तो सतत करतो, आणि रायडरला ते थ्रॉटल उघडूनही गाडी पुढे जात नसल्यासारखे जाणवते. मागच्या प्रतिस्पर्ध्याला मात्र ते दुरूनच दिसते, कारण वळणातून बाहेर पडताना पुढच्या गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जाऊ लागतो.

शनिवारची शर्यत

सुरुवातीपासून मार्टिनने आघाडी घेतली आणि स्वच्छ हवेत, कुणाच्याही मागे न अडकता, स्वतःच्या वेगाने अंतर वाढवत नेले. एका टप्प्यावर ते तीन सेकंदांच्या पलीकडे गेले. त्या वेगात तीन सेकंद म्हणजे सुमारे दीडशे मीटर. मोटोजीपीसारख्या अटीतटीच्या वर्गात, आणि एकमेकांच्या मागे राहून हवेचा फायदा घेत घोळक्याने धावण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या या सर्किटवर, हे अंतर डोळ्यांत भरणारे होते. पाहणाऱ्यांपैकी अनेकांना शर्यत तिथेच संपल्यासारखी वाटली असेल.

त्याच्या मागे ब्रॅड बाइंडर, बान्याया, फाबिओ डी जिआनान्तोनियो आणि झार्को यांचा गट होता. या गटाला पुढे निसटणाऱ्या मार्टिनला पकडण्याची घाई करता आली असती. त्यांनी ती केली नाही, आणि या संयमाचे श्रेय त्यांना द्यायला हवे. झार्को टायर सांभाळून चालवण्यासाठी ओळखला जाणारा, थ्रॉटल हळुवार उघडणारा रायडर आहे. मोटोजीपीच्या लगेच खालच्या मोटो-टू वर्गाची २०१५ आणि २०१६ ची विजेतेपदे मिळवूनही मोटोजीपीतला विजय त्याला अनेक हंगाम हुलकावणी देत होता, आणि त्या वर्षअखेरीस तो हा संघ सोडून जाणार होता.

शेवटच्या काही फेऱ्यांत मार्टिनचे अंतर वितळू लागले. शेवटची फेरी सुरू झाली तेव्हा तो अजूनही पुढे होता, पण मागचा सगळा गट त्याला येऊन भिडला होता. झार्कोने चौथ्या वळणावर त्याला मागे टाकले. पाठोपाठ बान्याया, डी जिआनान्तोनियो आणि बाइंडरही पुढे गेले. झार्को पहिला, बान्याया दुसरा, डी जिआनान्तोनियो तिसरा, बाइंडर चौथा आणि मार्टिन पाचवा असा निकाल लागला.

एकाच फेरीत चार जागा जाण्याचेही कारण तांत्रिक आहे. वळणाच्या मध्यावरचा वेग मार्टिनने बराच टिकवला असेलही. पण बाहेर पडताना जी ढकल हवी ती मिळाली नाही, तर तो तोटा पुढच्या वळणाच्या ब्रेकपर्यंत प्रत्येक मीटरला वाढत जातो. बाराव्या वळणातून मंद बाहेर पडलेली गाडी त्यानंतरच्या संपूर्ण सरळ रस्त्यावर असुरक्षित असते. मागे एकच प्रतिस्पर्धी असता तर आडवे येऊन, ओळ अडवून एखाद-दुसरे वळण वाचवता आले असते. एकमेकांना चिकटून असलेले चौघे मागे असताना एकाला अडवण्यासाठी घेतलेली चुकीची ओळ उरलेल्या तिघांना वाट करून देते.

निर्णय नेमका कुठे चुकला

शर्यतीनंतर सहज निघणारा निष्कर्ष असा की सॉफ्ट टायर घेणे हीच चूक होती. मला हा निष्कर्ष अपुरा वाटतो, आणि त्याला विरोधी पुरावा याच सर्किटवर अवघ्या एका वर्षापूर्वीचा आहे. २०२२ च्या शर्यतीत मार्क मार्केझने मागे सॉफ्ट टायर वापरला आणि तो ॲलेक्स रिन्सच्या मागे केवळ ०.१८६ सेकंदांनी दुसरा आला. सर्किट तेच, अंतर तेवढेच. मग त्या वर्षी सॉफ्ट टायर कसा टिकला?

२०२२ ची शर्यत मोठ्या घोळक्याची होती. बराच काळ सगळेच टायर राखून चालवत होते आणि पुढे कुणीही निसटत नव्हते. मार्केझ त्या घोळक्यात राहिला. हवेचा अडथळा पुढच्या गाडीने फोडलेला होता, वेग इतरांनी ठरवलेला होता, आणि सॉफ्ट टायरला त्याच्या मर्यादेखालीच काम करावे लागले. मार्टिनने २०२३ मध्ये तोच टायर घेऊन नेमका उलटा बेत अमलात आणला. एकट्याने, पुढे राहून, हवा स्वतः फोडत, सुरुवातीपासून अंतर वाढवत.

इथे एक अडचण आहे आणि ती प्रामाणिकपणे मांडायला हवी. सॉफ्ट टायरचा खरा फायदा सुरुवातीच्या वेगात असतो. तो फायदा घेतला की टायर शेवटपर्यंत पुरत नाही. तो न घेता घोळक्यात थांबले, तर टायर टिकतो, पण मग सॉफ्ट घेऊन मिळवले काय? शेवटच्या फेऱ्यांत तर मीडियमवालेच वरचढ ठरण्याची शक्यता जास्त. मार्केझला २०२२ मध्ये त्याची होंडा इतरांइतकी वेगवान नसल्यामुळे ही देवाणघेवाण परवडत होती; सुरुवातीची पकड ही त्याची गरज होती. मार्टिनला ती गरजच नव्हती. पात्रता फेरीत सर्वांत वेगवान ठरलेल्या आणि पहिल्या जागेवरून निघणाऱ्या रायडरने आपल्याकडे आधीच भरपूर असलेली गोष्ट आणखी मिळवण्यासाठी, जी कमी पडू शकते ती मोजून दिली. झार्कोची गाडी त्याच्या गाडीसारखीच होती, आणि ती मीडियमवर शेवटच्या फेरीत शर्यत जिंकण्याइतकी वेगवान होती हे निकालाने दाखवून दिले. तेव्हा मीडियम हाच मार्टिनसाठी योग्य टायर होता असे माझे मत आहे.

टायर ही भरलेली कणगी आहे. वर्षाच्या सुरुवातीला सढळ हाताने काढलेले धान्य शेवटच्या महिन्यांतूनच वजा होते. तीन सेकंदांची आघाडी सत्तावीस फेऱ्यांवर वाटली तर फेरीमागे जेमतेम ०.११ सेकंद येते. त्याउलट, मागचा टायर पूर्ण थकल्यावर फेरीमागे अर्धा ते एक सेकंद जाणे हे शर्यतींत नेहमी दिसणारे दृश्य आहे. समजा शेवटच्या पाच फेऱ्यांत सरासरी ०.८ सेकंद गेले, तर चार सेकंद गेले. म्हणजे तीन सेकंदांची भक्कम दिसणारी आघाडी ही प्रत्यक्षात सुमारे चार फेऱ्यांचे संरक्षण होती. टायर चोविसाव्या फेरीनंतर थकला असता तर ती पुरली असती, एकविसाव्या-बाविसाव्या फेरीत थकला तर नाही. सगळा डाव या दोन-तीन फेऱ्यांच्या फरकावर होता, आणि नेमकी तीच माहिती शनिवारी संघाजवळ नव्हती.

मार्टिनच्या बाजूनेही बोलण्यासारखे बरेच आहे. हवामान बिघडण्याची टांगती तलवार त्या संपूर्ण आठवडाअखेरीवर होती. पावसामुळे शर्यत लवकर थांबली असती, किंवा ती सव्वीस फेऱ्यांची असती, तर याच निवडीला धाडसी म्हणून गौरवले गेले असते. निर्णयाचे मूल्यमापन केवळ निकालावरून करू नये, हे मला मान्य आहे. पण अनिश्चितता जितकी जास्त, तितका जास्त राखीव साठा ठेवणारा पर्याय निवडावा, हेही तितकेच खरे आहे. झिजेची माहिती अपुरी असताना मीडियम घेऊन चूक झाली असती, तर फेरीमागे थोडासा वेळ गेला असता आणि बहुधा दुसरा-तिसरा क्रमांक मिळाला असता. सॉफ्ट घेऊन चूक झाल्यास काय होते ते दिसलेच.

गुणांच्या भाषेत ही किंमत मोजता येते. मार्टिन जिंकला असता आणि मागचा क्रम तसाच राहिला असता, तर त्याला २५ आणि बान्यायाला १६ गुण मिळून दोघांतले अंतर १८ वरून ९ वर आले असते. प्रत्यक्षात मार्टिनला ११ आणि बान्यायाला २० मिळाले आणि अंतर २७ झाले. एका टायरच्या निवडीने १८ गुणांचा फरक पडला. हंगामाअखेर बान्याया ४६७ आणि मार्टिन ४२८, म्हणजे ३९ गुणांचे अंतर राहिले, त्यामुळे केवळ याच शर्यतीने विजेतेपद गेले असे म्हणणे चूक ठरेल. मात्र शेवटच्या शर्यतींत मार्टिनला जी जोखीम पत्करत राहावे लागले, तिच्यात या शनिवारचा वाटा मोठा होता.

आपल्याकडच्या रस्त्यांवर लिटर वर्गातल्या, म्हणजे १८० ते २०० अश्वशक्तीच्या स्पोर्ट्स बाइक चालवणाऱ्यांना यातून घेण्यासारखी गोष्ट वरच्या गणितात आहे, रबराच्या नावात नाही. रस्त्याच्या चांगल्या टायरांना बहुधा मध्ये कठीण आणि कडांना मऊ रबर असते. हमरस्त्यावर सरळ चालवून मधला पट्टा चपटा होतो, आणि मग घाटातल्या वळणात गाडी झुकवताना चपट्या भागाच्या धारेवरून ती एकदम कडेवर जाते. त्याच क्षणी थ्रॉटल उघडला, तर टायरमध्ये नक्षीची खोली शिल्लक असूनही मागचे चाक सरकू शकते. ट्रॅकसाठी बनवलेला मऊ, कमी नक्षीचा टायर रस्त्यावर जास्त पकड देईल हा समजही मला धोकादायक वाटतो. त्याचे रबर ज्या तापमानाला काम करते, तिथपर्यंत ते रोजच्या रस्त्यावर पोचतच नाही. पावसाळ्यात तर सिलिकायुक्त स्पोर्ट-टूरिंग टायरच अधिक विश्वासाचा. मागचा टायर १९०/५५ किंवा २००/५५ मापाचा रुंद असला तरी, थंड रबरावर आणि ओल्या डांबरावर रुंदी पकडीची भरपाई करत नाही.

तीच जागा, आधी आणि नंतर

फिलिप आयलंडवर मागचा टायर निर्णायक ठरण्याची ही पहिली वेळ नव्हती. २०१३ मध्ये सर्किटचे डांबर नवे केले होते आणि त्या डांबरावर मोटोजीपीच्या टायरांची आधी चाचणी झालेली नव्हती. नव्या डांबराने इतकी पकड दिली की मागचे टायर अपेक्षेपेक्षा खूप जास्त तापू लागले आणि त्यांवर फोड येऊ लागले. मोटो-टू शर्यत २५ वरून १३ फेऱ्यांवर आणली गेली. मोटोजीपीची शर्यत २७ ऐवजी १९ फेऱ्यांची झाली आणि एका मागच्या टायरवर दहापेक्षा जास्त फेऱ्या काढायच्या नाहीत, म्हणजे मध्येच गाडी बदलायची, असा नियम घातला गेला. मार्क मार्केझ ठरल्यापेक्षा एक फेरी उशिरा आत आला आणि त्याला काळा झेंडा दाखवून बाद करण्यात आले. होर्हे लोरेन्सो जिंकला आणि मार्केझची ४३ गुणांची आघाडी १८ वर आली. त्या वर्षी डांबराच्या जास्त पकडीने टायर संपवले, २०२३ मध्ये रायडरच्या जास्त वेगाने. तापली आणि घासली गेली ती दोन्ही वेळा मागच्या टायरचीच कड.

२०२४ च्या हंगामापूर्वी सर्किटवर पुन्हा नवे डांबर घातले गेले. फेब्रुवारीत वर्ल्ड सुपरबाइक या दुसऱ्या जागतिक स्पर्धेच्या मुख्य शर्यती २० फेऱ्यांच्या करून मध्ये टायर बदलणे सक्तीचे करावे लागले. जुन्या डांबरावर मार्टिनने महागात शिकलेली झिजेची आकडेवारी तिथे लागू होत नव्हती. ऑक्टोबर २०२४ मध्ये मोटोजीपी तिथे परतली तेव्हा सर्व संघांना सत्तावीस फेऱ्यांचा हिशेब नव्याने मांडावा लागला. मार्टिन पुन्हा बराच काळ आघाडीवर होता. शर्यत संपत आली असताना मार्क मार्केझने त्याला मागे टाकले, पण या वेळी तो दुसऱ्या स्थानावर टिकला, बान्यायाच्या पुढे, आणि २० गुण घेऊन परतला. तो हंगाम त्याने १० गुणांनी जिंकला.